हिरव्या पट्टीला पसंती

“हिरवी,” कल्याणी म्हणाली.

मी अजून प्रश्न विचारलाही नव्हता. फॉर्मचं शेवटचं पान उलटून पेनाचं टोपण काढत होते, तेवढ्यात तिनं उत्तर देऊन टाकलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तिची सांगलीची गाडी तीनची होती.

“अगं, आधी विचारू तर दे,” मी म्हटलं. “दहा दिवस निळ्या पट्टीची लेन्स घातलीस, मग दहा दिवस हिरव्या पट्टीची. आता यातली एकच रोज वापरायची म्हटली, तर कोणती घेशील आणि का?”

“हिरवीच. बोटावर कशी वाटीसारखी उभी राहते. निळी नुसती लोळते, मॅडम.”

‘का’ असं छापलेल्या रकान्यात मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘हाताळण्यास सोपी.’ माझं अक्षर तेव्हा फार चांगलं होतं आणि मला त्याचा फार अभिमान होता.

ही पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. कराडला डॉक्टर शेवाळ्यांच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी नंबर काढायचं आणि लेन्स बसवून द्यायचं काम करत होते. वय चोवीस, डिप्लोमा ताजा, आणि आपल्यावाचून दवाखान्याचं पान हलत नाही अशी पक्की समजूत. त्या उन्हाळ्यात पुण्याच्या एका कंपनीनं डॉक्टरांकडे एक काम दिलं. रोज सकाळी नवी घालायची आणि रात्री टाकून द्यायची, अशा लेन्सचे दोन प्रकार त्यांना बाजारात आणायचे होते. लोकांना कोणता आवडतो आणि कशामुळे, हे आधी बघायचं होतं. डब्यांवर नाव नाही, गाव नाही, फक्त एक पट्टी, निळी नाहीतर हिरवी. चोवीस माणसं निवडायची, त्यांना दोन्ही लेन्स फुकट द्यायच्या आणि फॉर्म भरून घ्यायचे. डॉक्टर म्हणाले, “सुनीती, हे सगळं तू बघ. मला मोतीबिंदूतून सवड नाही.” कंपनीचे मेहेंदळे म्हणून एक गृहस्थ होते, ते फोनवर म्हणाले की काम नीट झालं तर पुण्याच्या ऑफिसात एक जागा आहे. मग काय विचारता. मी त्या चोवीस माणसांच्या मागे हात धुऊन लागले.

कल्याणी डुबल ही त्या चोविसांतली माझी लाडकी. वय एकोणीस, दोन्ही डोळ्यांना उणे आठ नंबर. चष्मा काढला की समोर माणूस आहे का म्हैस हे कळत नाही, असं तीच सांगायची. आणि खेळायची काय, तर कबड्डी. चष्मा लावून कबड्डी खेळता येत नाही, म्हणून इतकी वर्षं ती चष्मा काढून, नुसत्या आवाजाच्या आणि हलत्या रंगांच्या अंदाजानं चढाई करत होती. जिल्ह्याच्या संघापर्यंत ती तशीच पोचली होती. आता राज्याच्या निवडीसाठी सांगलीला शिबिर होतं आणि तिच्या सरांनी बजावलं होतं, दिसत असेल तरच ये. संघात नाव लागलं तर खेळाडूंच्या कोट्यातून पोलीस भरतीचा रस्ता मोकळा होणार होता. आई शालन कॉलेजच्या मेसमध्ये पोळ्या लाटायची, वडील शाळेची गाडी चालवायचे. रोज लेन्सची जोडी फेकून देणं त्या घराला परवडणारं नव्हतं. पहिल्यांदा लेन्स घालून ती दवाखान्याच्या दारात उभी राहिली आणि समोरच्या कडुनिंबाकडे बघत बसली. झाडाला सुटी सुटी पानं असतात हे तिला चष्म्याशिवाय, लांबून प्रथमच दिसत होतं. मला भरून आलं होतं, खोटं कशाला सांगू.

तर त्या गुरुवारी फॉर्म संपवून तिनं वापरलेल्या वाट्यांची पिशवी टेबलावर ठेवली. लेन्स येते ती नखाएवढ्या प्लॅस्टिकच्या वाटीत, मिठाच्या पाण्यात बुडवलेली, वर चकचकीत कागदाचं झाकण. रोज दोन वाट्या फोडायच्या आणि रिकाम्या झालेल्या या पिशवीत साठवून आणून द्यायच्या, म्हणजे माणसानं रोज नवी लेन्स घातली याचा पुरावा. मी पिशवी उचलली तर आतून दव साचलेलं. हलवली तर तळाशी चमचाभर पाणी. वीसच्या वीस वाट्या ओल्या होत्या.

मनात पाल चुकचुकली. एप्रिल महिना, कराडचं ऊन. परवा फोडलेली वाटीसुद्धा खडखडीत वाळायला हवी होती, मग दहा दिवसांपूर्वीची ओली कशी?

“कल्याणी, या वाट्या...”

“वीस हायत. मोजून आणल्यात,” ती म्हणाली आणि पाठीवरची पिशवी सावरत उठली.

मी मोजल्या. वीस होत्या. रकान्यात बरोबरची खूण केली आणि तिला म्हटलं, जा, निवड झाल्याचा फोन कर. जाताना ती दारात थांबली, वाकून माझ्या पाया पडली आणि धावत सुटली.

त्याच संध्याकाळी मेहेंदळ्यांचा फोन आला. आतापर्यंतचे आकडे त्यांना हवे होते. मी सांगितलं की एकवीस फॉर्म पुरे झालेत, त्यातल्या सतरा जणांनी हिरवी निवडली. मग ते म्हणाले की पुण्यात, नागपुरात, सगळीकडे निळी पुढे आहे. निळी मऊ आहे, डोळ्यात गेल्यावर कळतसुद्धा नाही, संध्याकाळी डोळा कोरडा पडत नाही. हिरवी जाड, पहिला तासभर तरी टोचते. तुमच्याच भागात उलटं का?

“इथली माणसं कष्टाची आहेत,” मी काहीतरी ठोकून दिलं. “बोटं राठ असतात. जाड लेन्स हाताळायला बरी पडते.”

त्यांना ते इतकं पटलं की त्यांनी मला तेच वाक्य पुन्हा सांगायला लावलं आणि लिहून घेतलं. सोमवारी दुपारी मी स्वतः येऊन फॉर्म घेऊन जातो, म्हणाले. मी फोन ठेवला तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्या पिशवीतलं चमचाभर पाणी डोक्यातून जाईना.

उलगडा शुक्रवारी झाला. झाकीर तांबोळी आला. तो लग्नांचे फोटो काढायचा. कॅमेरा डोळ्याला लावताना चष्मा आडवा येतो, म्हणून त्याला लेन्स हवी होती. बोलघेवडा माणूस, दवाखान्यात शिरला की सगळ्यांची चौकशी. त्यालाही हिरवीच आवडली होती. पिशवी टेबलावर ठेवली. मी आधी पिशवी बघितली. ओली.

“झाकीरभाई, खरं सांगा. या वाट्या कधी फोडल्या?”

“आज सकाळीच की,” तो हसत म्हणाला. “तुम्हाला रिकाम्या लागतात ना? मग बसलो फोडत. बायको म्हणाली, शेंगा सोलताय का काय.”

“आणि दहा दिवस काय घातलंत?”

“पहिली जोडी. मॅडम, तुमच्यापाशी काय लपवायचं. इतकी छान वस्तू एकदा घालून कचऱ्यात टाकायची म्हणजे ताटातलं अन्न टाकल्यासारखं वाटतं हो. जिवावर येतं. तुमचा प्रयोग संपल्यावर पुढं कोण देणार आम्हाला? म्हणून नऊ जोड्या जपून ठेवल्यात.” त्यानं खिशातून फिल्मच्या रोलची जुनी काळी डबी काढली आणि झाकण उघडून माझ्यापुढे धरली. पाण्यात अठरा लेन्स माशाच्या खवल्यांसारख्या एकमेकींना चिकटून पडल्या होत्या. “निळी हो, तिसऱ्या दिवशी फाटली. दुसरी काढली, तीही चौथ्या दिवशी गेली. हिला मात्र दहा दिवसांत काही झालं नाही. म्हणून हिरवी.”

मी त्याला बसवून घेतलं आणि सगळं समजावून सांगितलं. ही लेन्स धुवून पुन्हा घालायची म्हणून बनवलेलीच नाही, तिच्यावर जंतू चढतात, डोळा जाऊ शकतो. तो घाबरला आणि तिथल्या तिथे डबी बेसिनमध्ये ओतून मोकळा झाला. निघताना म्हणाला, “पण हे आधी एवढं जोर देऊन सांगायचं होतं, मॅडम. डब्यावर लिहिलंय ते असंच असतं, असं वाटलं. कंपन्या माल खपायला लिहितातच.”

तो गेल्यावर मी कपाट उघडलं. पिशव्या ओळीनं लावून ठेवलेल्या होत्या, प्रत्येकीवर माझ्या सुवाच्य अक्षरात नाव. एकेक काढून उजेडात धरली. जुन्या पिशव्या वाळल्या होत्या, पण वाट्यांच्या तळाशी मिठाचा पांढरा थर सगळीकडे सारखाच दिसत होता, एका दिवशी वाळल्यासारखा. तीनचार जणांनी काय ती रोज नवी घातली असेल. त्यांना निळी आवडली होती. उरलेल्यांनी लेन्स निवडली ती जुन्या चपलेसारखी, किती दिवस तग धरते हे बघून. आणि मी ‘का’ या रकान्यात सतरा वेळा काहीतरी भलतंच लिहून बसले होते.

पलीकडच्या खोलीत डॉक्टर होते. दार अर्धं उघडं होतं, त्यांचा कुणावर तरी ओरडण्याचा आवाज येत होता. मी दारापर्यंत गेले. आत जाऊन सांगायचं काय, तर चोवीसच्या चोवीस फॉर्म बाद, महिनाभराची मेहनत पाण्यात, आणि हे माझ्या लक्षात कालच यायला हवं होतं. पुण्याची जागा तर विसराच. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी स्वतःला म्हटलं. सोमवारी फॉर्म जाऊ देत, मग एकेकाला बोलावून समज देता येईल. झाकीरला सांगितलंच आहे, बाकीच्यांनाही सांगू, कुणाचं काय बिघडलंय अजून.

मी दारातून मागे फिरले. जाता जाता शिपाईमामांनी विचारलं, काय हवं होतं, ताई? मी म्हटलं, काही नाही.

शनिवारी दुपारी कल्याणीचा फोन आला. शिबिरातल्या कुणाच्या तरी मोबाइलवरून.

“मॅडम, उजवा डोळा लाल झालाय. सारखं पाणी येतंय.”

“लेन्स आहे डोळ्यात?”

“आता काढली.”

“कल्याणी, माझ्याशी खोटं बोलायचं नाही. ही लेन्स किती दिवसांची?”

मागे पोरींचा गलका आणि कुणाची तरी शिट्टी ऐकू येत होती.

“हिरवी चालू केली त्या दिवसापासनं हीच हाय,” ती हळूच म्हणाली. “बाकीच्या औषधाच्या बाटलीत ठेवल्यात. पुढं खेळायला लागतील ना.”

“रात्री कशात ठेवतेस?”

“पाण्यात. घरी आई उकळून द्यायची. हितं नळाचं घेते.”

लाल डोळा, सारखं पाणी, नळाच्या पाण्यात ठेवलेली लेन्स. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही यावर एकच उत्तर माहीत असतं, हातातलं काम टाकून पेशंटला डॉक्टरांकडे आण. डॉक्टर दहा पावलांवर बसले होते. मी तिला म्हटलं की लेन्स पुन्हा घालू नकोस, डोळा चोळू नकोस, औषधाच्या दुकानातून अमुक थेंब आण आणि टाक. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, “उद्या निवडीची मॅच हाय. आता निघून येऊ का?”

हा प्रश्न तिनं मला सरळ विचारला होता. मी फक्त हो म्हणायचं होतं. ती आली असती, रडत, आदळआपट करत, पण आली असती, इतका तिचा माझ्यावर विश्वास होता. पण ती आली की डॉक्टर बघणार, डॉक्टर बघणार म्हणजे विचारणार, आणि सोमवार अजून दोन दिवस लांब होता.

“निवड होऊ दे,” मी म्हटलं. “सोमवारी संध्याकाळी ये.”

ही संध्याकाळ मी मुद्दाम सांगितली होती. मेहेंदळे दुपारी येणार होते.

रविवारी मी घरी होते. आईनं पुरणपोळी केली होती, ती तशीच ताटात राहिली. चारच्या सुमाराला फोन वाजला.

“झाली निवड, मॅडम. सात गडी टिपले मी. सर म्हणाले, तुला आज काय झालं होतं.”

“डोळा कसा आहे?”

“दुखतोय. उजेडात उघडवत नाही.”

“चष्म्यावर खेळलीस?”

“चष्म्यावर कोण खेळू देईल?” ती म्हणाली. “मॅचपुरती घातली.”

मी तिच्यावर ओरडले. काय काय बोलले ते आठवत नाही, पण फार बोलले. डॉक्टरांचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून होतं. मी चपला घालून त्यांच्या फाटकापर्यंत गेलेसुद्धा. डॉक्टर अंगणात नातवाला सायकल शिकवत होते. मला बघून त्यांनी हात केला. मीही हात केला आणि भाजी आणायला निघाल्यासारखी पुढे गेले.

सोमवारी मेहेंदळे आले. पांढरा शर्ट, अत्तराचा वास, सोबत पुण्याचे पेढे. एकेक फॉर्म उलटून बघत होते आणि मान डोलावत होते. इतकं स्वच्छ काम मी कुठेच पाहिलं नाही, म्हणाले. डॉक्टरांनी शेवटच्या पानावर सह्या केल्या. फॉर्म त्यांच्या बॅगेत गेले, गाडी धूळ उडवत निघून गेली आणि मी पायरीवर उभी राहून सांगलीच्या गाड्या मोजायला लागले. संध्याकाळ झाली, दवाखाना बंद झाला. कल्याणी आली नाही.

ती मंगळवारी सकाळी आली, आईच्या खांद्याला धरून. ओढणी डोळ्यावर गच्च दाबलेली. रात्रीपासून ताप होता. शालननं लेकीची ओढणी माझ्यासमोर बाजूला केली.

“म्याडम, पोरीच्या बुबुळावर फूल पडलंय वो,” ती म्हणाली. “काल सांजच्याला घरी आली, म्हनली, सकाळी जाऊ. रातीत केवढं वाढलं बघा.”

बुबुळाच्या मधोमध ताकाच्या थेंबासारखा पांढरा ठिपका होता आणि कडेनं पू. मी तिला हाताला धरून डॉक्टरांच्या खोलीत नेलं. डॉक्टरांनी मशीनमधून पाहिलं, आणि ज्या माणसाला मी वर्षभरात शांत कधी पाहिलं नव्हतं, तो माणूस अगदी हळू आवाजात बोलायला लागला. दवाखान्याच्या मागे चार खाटा होत्या, त्यातली एक तिला दिली. दर अर्ध्या तासानं थेंब सुरू झाले. ते थेंब तीन दिवस दिवसभर मी टाकले, एकही वेळ चुकवली नाही. शालन खाटेच्या पायथ्याशी बसून असायची आणि मी आले की उठून मला जागा करून द्यायची. म्याडम देवमाणूस हायत, असं ती शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगताना मी ऐकलं. ते ऐकणं फार जड गेलं.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला, पू हटला. ठिपका मात्र तिथेच होता. डॉक्टरांनी शालनला बाहेर बसायला सांगितलं आणि खुर्ची ओढून खाटेजवळ बसले.

“हे बघ पोरी,” ते म्हणाले, “डोळा वाचला, नजर नाही वाचली. या डोळ्यानं तुला उजेड-अंधार कळेल, हात हलवलेला कळेल, बाकी नाही. पुढे कुणाचं बुबुळ मिळालं तर बघू, पण त्याचा काही नेम नाही. शनिवारी आली असतीस तर आज तू घरी असतीस. आता मला खरं काय ते सांग. लेन्स रोज नवी घालत होतीस का?”

मी थेंबांची बाटली हातात धरून उभी होते.

“रोज नवीन घालत होते,” कल्याणी म्हणाली. “मैदानावरची माती गेली डोळ्यात. हात धुतले नव्हते.”

“आणि दुखायला लागल्यावर कुणाला सांगितलंस?”

“मॅडमना. शनिवारीच फोन केला होता. त्या म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता निघून ये. मीच नाही आले.”

डॉक्टर माझ्याकडे वळले. “खरं आहे?”

एक डोळा पट्टीनं झाकलेला, दुसरा उघडा, आणि त्या उघड्या डोळ्यानं ती माझ्याकडे बघत होती. उणे आठचा तो डोळा; त्याला माझा चेहरा दिसत नव्हता, इतकं तरी मला माहीत होतं.

“हो,” मी म्हटलं.

डॉक्टरांनी सुस्कारा टाकला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते निघून गेले. कंपनीला त्यांनी कळवलं, एका खेळाडू मुलीच्या डोळ्याला मातीमुळे इजा झाली, लेन्सशी संबंध नाही. पुढच्या वर्षी हिरव्या पट्टीची लेन्स आमच्या भागात विकायला आली, आणि मी पुण्याला कामाला गेले. पण ते सगळं नंतर. त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. इतक्या लहान पोरीनं आपल्याला वाचवलं, आणि आपण तिची नजर घालवली, याची मला इतकी लाज वाटली की आरशात बघवेना.

रात्रभर विचार करून मी ठरवलं की तिच्यासाठी काहीतरी करायचं. सकाळी कपाटातून तिच्या नंबरचा, हिरव्या पट्टीचा शिल्लक डबा काढला. आतमध्ये तीस लेन्स होत्या, न फोडलेल्या. एक डोळा राहिलाय, तो तरी नीट राहावा. तीस दिवस तिला रोज नवी घालता येईल, तोवर मी माझ्या पगारातून पुढच्यांची सोय करेन, असा माझा हिशोब होता. डबा पदराआड धरून मी तिच्या खाटेपाशी गेले. शालन जेवणाचा डबा धुवायला गेली होती.

मी तिच्या हातात डबा दिला आणि सगळं समजावलं. रोज एक. रात्री काढून टाकायची, म्हणजे टाकायचीच. संपत आल्या की मला सांग, मी देत जाईन, कधीच कमी पडू देणार नाही. दुखलं, खुपलं, लाल झालं तर धावत ये. मी अगदी मनापासून बोलत होते. ती डब्यावरून बोटं फिरवत होती.

“तीस?” तिनं विचारलं.

“तीस.”

तिनं चांगला डोळा बारीक केला आणि बोटांच्या पेरांवर अंगठा ठेवत मोजायला लागली. ओठ हलत होते. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती हसली, कडुनिंबाची पानं दिसली तेव्हा हसली होती तशी.

“आता एकच डोळा हाय,” ती म्हणाली. “एक लेन्स दहा दिवस. म्हणजे तीनशे दिवस. अख्खा सीझन निघतोय, मॅडम.”

मी डबा परत घ्यायला हात पुढे केला. तिनं तो उशीखाली सरकवला आणि वर डोकं ठेवलं.

“मॅडम, मी डॉक्टरांना तुमचं काहीच सांगितलं नाही,” ती म्हणाली. धमकी नव्हती, आवाजही चढला नव्हता, एखादी गोष्ट आठवण करून द्यावी तसं साधं बोलली.

मी हात मागे घेतला.